'सायफर'ला मराठीत काय म्हणायचं? रिंगण, कोंडाळं की फड?

खडेबाजार: मी बेळगावात छपाईच्या दुकानात डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांती, यात्रेचे फलक हे रोजचं काम. गेल्या आठवड्यात वडगावची चार पोरं इंग्रजी मजकूर घेऊन आली. 'हिप-हॉप सायफर'चं पत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये हवं होतं. कोशात सायफर म्हणजे शून्य, नाहीतर सांकेतिक लिपी. ते काही जुळेना, म्हणून मी 'रॅप गायन स्पर्धा' असं टाकलं. एकानं प्रूफ हातात घेतलं आणि 'गायन' आणि 'स्पर्धा' दोन्ही शब्दांवर काट मारली. म्हणाला, "अक्का, ह्यात नंबर नसतोय. गोल उभारायचं, एकानं म्हणायचं, तो दमला की शेजारच्यानं उचलायचं." सध्या 'रिंगण' लिहून ठेवलंय, खरं मन घेत नाही. रविवारच्या आत पत्रक द्यायचंय.

पेठकर: 'रिंगण' म्हटलं की वारीतला अश्व डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे नको. 'वर्तुळ' घ्या. मराठीत शब्द असताना 'सायफर' छापणं मला पटत नाही. 'हिप-हॉप'लाही 'ठेकाकाव्य' म्हणता येईल. आणि एक सुचवतो, 'गोल उभारायचं' हे चुकीचं आहे. गुढी उभारतात, इमारत उभारतात. माणूस उभा राहतो.

अनगोळ: 'ठेकाकाव्य' म्हणजे फार तर रॅप. हिप-हॉप त्याहून मोठं आहे, आणि पोरांनी काट मारली ती ह्याचसाठी. मी बारा वर्षं ब्रेकिंग, म्हणजे हिप-हॉपमधला नाच, करतोय, तोंडानं एक ओळ म्हणत नाही, तरी मी हिप-हॉपमधलाच. रेकॉर्ड वाजवणारा, बोलणारा, नाचणारा आणि भिंतीवर रंगवणारा, अशी ही चार अंगं. जाणतेपण हे पाचवं, असं जुने लोक सांगतात.

सुरुवातही पत्रकानंच झाली, ताई. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू ही इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. तिनं इमारतीतला हॉल घेतला आणि हातानं लिहिलेली पत्रकं वाटली. मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच कूल हर्क. हे कुटुंब जमैकाहून आलेलं. त्याच्या लक्षात आलं होतं की गाणं थांबून नुसता ढोल-ताशाचा तुकडा आला की लोक पेटतात. तो तुकडा म्हणजे 'ब्रेक'. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. त्यावर नाचणारे ते ब्रेकर. 'ब्रेक' म्हणजे मोडतोड, असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये गेलं ते हेच.

निपाणी: ताई, आपल्याकडं शब्द आहे की. फड! तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड. माझे आज्जा कलगीवाले. समोर तुरेवाले बसायचे, एक शक्तीची बाजू घेणार, दुसरा शिवाची. डफ, तुणतुणं आणि रात्रभर सवाल-जवाब. आज्जाला लिहिता येत नव्हतं, खरं समोरच्याच्या शेवटच्या शब्दावरनं तो आपली ओळ उचलायचा. ओठ हलायच्या आधी डफावरची बोटं थांबायची, तेवढी मला आठवतात. चिक्कोडीकडच्या कन्नड लोकांत हाच झगडा हरदेशी-नागेशीचा. त्यांच्या गीगी पदात झीलकऱ्यांची 'गी गी', आपल्या पोवाड्यात 'जी जी'. कन्नड पत्रकाला तिथनं शब्द मिळंल.

अनगोळ: आज्जांना नमस्कार. तरी फड नको. फडाला मालक असतो, नारळ फुटतो, बिदागी ठरते. सायफरला मालक नसतो. वाटेनं जाणारा पण आत शिरतो. तुम्ही सांगताय तो झगडा आमच्या 'बॅटल'ला बरोबर बसतो, तिथं 'झगडा' खुशाल लिहा.

निपाणी: मालक तमाशाच्या फडाला. उसाच्या फडात पन्नास कोयते एका ठेक्यात चालतात, तिथं कोण बिदागी घेतंय?

खानापूर: व्युत्पत्ती सांगतो, कारण पेठकरांना 'सायफर' परका वाटतोय. मूळ अरबी 'सिफ्र', म्हणजे रिकामं. अरबांनी आपल्या 'शून्य'चं केलेलं भाषांतर ते. तिथून युरोपात सायफर झालं, झीरोही त्यातनंच. हिप-हॉपमध्ये तो आला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या 'फाइव्ह पर्सेंट' नावाच्या मंडळींकडून. १९६४ मध्ये सुरू झालेली ही चळवळ, अंकांना आणि अक्षरांना ते अर्थ लावत. ओ अक्षर म्हणजे सायफर, पूर्ण गोल. म्हणजे पोरं जो गोल करतात तो आपलंच शून्य आहे.

पेठकर: मग 'शून्य' लिहा. परत आलेला शब्द परत आलेल्या रूपातच का घ्यायचा?

खानापूर: कारण पोरं त्याच रूपात बोलतात.

शहापूर: मूळ मजकुरात 'स्ट्रीट कल्चर' असेल, त्याचं काय केलंत? 'रस्त्यावरची संस्कृती' असेल तर काढा, हात जोडते. आपल्याकडं गल्ली आहे. गणपत गल्ली, मारुती गल्ली, कडोलकर गल्ली, अख्खं गाव गल्ल्यांवर नांदतंय. २०१५ च्या सुमाराला मुंबईच्या रॅपरांनी 'गली' गाजवली, तेव्हा टीव्हीवर तिचा अर्थ झोपडपट्टी असा सांगत होते. आमच्या लग्नपत्रिकेवर गल्ली मानानं छापतात. आणि ही पोरं आपल्या वस्तीचं नाव घेऊनच पहिली ओळ म्हणतात, हे आपल्याला नवं नाही. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना'त शेवटी बेळगावचं नाव येतं, ते ऐकताना माझे वडील मान खाली घालायचे.

खडेबाजार: 'रस्त्यावरची'च होतं, काढलं. 'गल्लीतली' केलं. सायफरचं अजून अडलंय. कोंडाळं कसं वाटतं?

निपाणी: कोंडाळं भांडण बघायला होतंय. फडच घाला.

पेठकर: 'उभारायचं'चं कुणीच उत्तर दिलं नाही.

शहापूर: देते. आमच्याकडं बसस्टॉपवर माणसं उभारतात. दारात पाहुणा उभारला की 'आत या' म्हणतो. कोल्हापुरातही म्हणतात. पुण्यात गुढी तेवढी उभारत असतील.

पेठकर: कोल्हापूरचं माहीत होतं. छापील मजकुरात तरी प्रमाण रूप असावं, एवढाच मुद्दा.

खडेबाजार: उद्या सकाळी छापायला टाकते. वर 'सायफर', खाली पोरानं म्हटलं तेच, 'गोल उभारून म्हणायचं'. पेठकर, प्रमाण रूप टाकलं तर ती पोरं परत काट मारतील.

निपाणी: बरोबर. आता सांगा, हे 'उभारणं' मिरज-सांगलीकडं पण आहे का? माझी बायको तिकडची, ती म्हणते 'उभा ऱ्हा'.