११२ च्या गाडीत समुपदेशक?

मानसिक त्रासात बिथरलेल्या माणसाचा फोन आला की अमेरिकेत काही ठिकाणी पोलिसांसोबत समुपदेशक जातो, तसा आपल्या ११२ च्या पोलीस गाडीतही असावा का, असा हा विषय. तिथल्या डेन्व्हर शहरात तर २०२० पासून त्याच्याही पुढची स्टार नावाची व्हॅन आहे, तिच्यात पोलीस नसतोच, एक मानसिक आरोग्यवाला आणि एक पॅरामेडिक, बस. पण भाऊ, आपल्याकडे यावल-चोपड्याच्या खेड्यात रात्री पोरगं विळा घेऊन अंगणात उभं राहिलं की आधी भगताला बोलावणं जातं, मग ११२ ला फोन, तोवर अर्धं गाव मोबाईल काढून शूटिंग करतंय, त्यानेच ते जास्त बिथरतं.

कायदा मात्र आपला चांगलाय, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगतं की अशा माणसाला लॉकअपमध्ये टाकायचं नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. हे किती हवालदारांना माहितीये, देव जाणे!

प्रत्येक ठाण्याला समुपदेशक मिळणं काही लवकर होत नाही, पण टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट, मराठीतून. गाडी निघाल्याबरोबर हवालदाराने तो लावून घरच्यांशी बोलणं करून द्यावं, औषध चालू होतं का, बंद कधी केलं, एवढं जरी आधी कळलं तरी काठी काढायची वेळ येणार नाही बऱ्याचदा. आणि ती गर्दी हटवा राव पहिले.