अनुभव धागा: मोह आला तेव्हा तुम्ही नक्की काय केलंत?

धागाकर्ती

उपासनेत आपण साक्षी ऐकतो ना, त्या बहुतेक शेवटाकडून सांगितलेल्या असतात. आधी मी जगात होतो, मग प्रभू भेटला, आता सगळं सुटलं, हालेलुया. ऐकायला छान वाटतं पण घरी जाताना मला दरवेळी प्रश्न पडतो, अहो मधल्या भागात काय झालं? मोह समोर होता, आजूबाजूला कोणी नव्हतं, तेव्हा तुम्ही हातपाय काय हलवलेत? ते लिहा इथे. नुसता वचनाचा आकडा टाकून पळू नका, वचनं आम्हालाही पाठ आहेत. नाव नको असेल तर नका लिहू.

माझ्यापासून सुरुवात. माझा मोह फार सभ्य दिसतो. दुसऱ्याच्या घरातली बातमी प्रार्थनेच्या कागदात गुंडाळून सांगायची. "त्या सिस्टरसाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी असं असं चाललंय." प्रार्थना दोन मिनिटं, बातमी अर्धा तास. आता तोंड उघडायच्या आधी एकच गोष्ट बघते, हे दुसऱ्यांना सांगू का असं मी त्या बाईला विचारलंय का? नसेल विचारलं तर माझी मी एकटी प्रार्थना करते. आणि खरं सांगू, एकटीने करायची म्हटलं की अर्ध्या वेळा प्रार्थनेचा उत्साहच जातो, त्यावरून कळतं काय ते.

बायबलमधलं मत्तय 4 वाचताना मला नेहमी वाटतं की येशूला पहिली ऑफर कसली, तर भाकरीची. भाकरीत पाप काय आहे? चाळीस दिवसांचा उपास झालेला, भूक खरी होती. आणि मंदिराच्या शिरोभागी उभं करून सैतानच स्तोत्र 91 म्हणून दाखवतो. म्हणजे मोह वाईट तोंड घेऊन येईल आणि वचन ऐकून पळेल या भरवशावर राहू नका. येशूने दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली, तिथे उभं राहून त्याने काही शोधलं नाही, ते आधीच आत होतं. लूक तर पुढे म्हणतो की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. म्हणजे परत येणारच होता! चला, लिहा आता.

जमाखर्च

मी खरेदी विभागात आहे, एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं कळलंच असेल. कोणी पाकीट घेऊन समोर उभं राहतं असं नसतं हो. आधी मुलांची चौकशी, मग छोटीशी भेट, मग "मॅडम तुमचंही काहीतरी बघू ना". आणि तोपर्यंत त्या माणसाशी बोलणं इतकं गोड झालेलं असतं की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटायला लागतं.

मी पहिली भेट आली तेव्हाच ईमेल लिहिला, भेट परत पाठवतेय, पुन्हा पाठवू नये, आणि साहेब आणि ऑडिटवाले दोघांनाही त्यात ठेवलं. तोंडी नाही म्हटलं असतं तर पुढच्या वेळी परत म्हणावं लागलं असतं, आणि पुढच्या वेळी मी कशी असेन याची मला काय खात्री, घरात आजारपण असेल, कर्जाचा हप्ता थकलेला असेल. दार शाबूत डोक्याने बंद करून घेतलं एवढंच माझं शहाणपण.

बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. साहेबांना मी खुपायला लागले, का ते तुम्ही ओळखा, आणि बढती दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, म्हणतात विश्वासू राहा देव दुप्पट देईल. योसेफाला त्याच्या मालकाची, पोटीफरची, बायको नादाला लावत होती, तो तिच्या हातात वस्त्र टाकून पळाला तर पुढे काय झालं, तुरुंगात गेला! उत्पत्ति 39 मध्ये असं लिहिलंय की तुरुंगात देव त्याच्याबरोबर होता. लगेच सोडवलं असं लिहिलेलं नाही. मला तेवढं पुरतं, निदान बऱ्याच दिवशी पुरतं.

रात्रपाळी

नाव लपवूनच लिहितोय. मोबाईलवरचं अश्लील बघणं. अजून काय.

सगळ्यात जोराचा हल्ला वाईट दिवशी येत नाही, चांगल्या प्रार्थनासभेनंतर येतो हा माझा अनुभव, कारण तेव्हा वाटतं की आता आपण पक्के झालो. 1 करिंथ 10 मधलं 13 वं वचन सगळ्यांना पाठ असतं, देव निभावण्याचा उपायही करतो ते, पण त्याच्या आधीचं 12 वं कोणी म्हणत नाही, आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून जपावं.

उपयोग कशाचा झाला नाही ते आधी सांगतो, मोबाईल हातात धरून "प्रभू मला वाचव" म्हणत बसण्याचा. अरे हात तुझे आहेत, ठेव ना खाली. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. मोबाईल रात्री झोपायच्या खोलीत येत नाही, गजरासाठी साधं घड्याळ आणलं. आणि सेलग्रुपमधल्या (मंडळीतल्या छोट्या प्रार्थनागटातल्या) एका ब्रदरला सांगितलं. सांगायच्या आधी पोटात गोळा आला होता. तो म्हणाला, "बरं झालं बोललास, मला वाटायचं मीच एकटा." याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे ते मी कितीदा वाचलं असेल, पण खरंच दुसऱ्या माणसाला जाऊन सांगायचं असतं हे डोक्यातच शिरलं नव्हतं. आता ओढ लागली की त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक टिंब पाठवतो. फक्त टिंब. तो फोन करतो आणि इकडचं तिकडचं बोलतो, उपदेश शून्य. त्याचं टिंब आलं की मी करतो.

भित्री

माझा अनुभव नाही, प्रश्न आहे. घाण विचार मनात आला म्हणजे पाप झालंच का? मला याचंच इतकं दडपण येतं की दिवसभर मनातले विचार तपासत बसते, आणि तपासायला गेलं की अजून येतात.

ओसरी

@भित्री, नाही गं. इब्री 4:15 मध्ये येशूबद्दलच म्हटलंय की तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह होणं हेच पाप असतं तर हे वाक्य उभंच राहिलं नसतं. चौथ्या शतकात एवाग्रियस नावाचा एक साधू इजिप्तच्या वाळवंटात राहायचा, त्याने माणसाला छळणारे आठ विचार मांडले, खादाडपणापासून गर्वापर्यंत. त्याचं म्हणणं असं की हे विचार येऊन त्रास देतात की नाही हे आपल्या हातात नाही, ते आत मुक्काम करतात की नाही हे आहे. सगळं सोडून वाळवंटात गेलेल्या माणसाची ही कथा, तिथे ना बाजार ना मोबाईल, तरी आठ भरले! तर तू आणि मी कोण. आणि ते दिवसभर तपासत बसणं थांबत नसेल, झोप उडत असेल तर पास्टरांशी बोल आणि डॉक्टरांनाही दाखव, तशा प्रकारची चिंता असते आणि तिच्यावर उपचार आहेत. त्यात अविश्वास काही नाही.

भित्री

थँक्यू ताई. डॉक्टरांचं कोणीच कधी म्हटलं नव्हतं.

कोरसवाला

माझा मोह लाईकचा. हसू नका.

मी उपासनेत गाणी घेतो. मंडळीने एक गाणं नेटवर टाकलं आणि ते खूप लोकांनी बघितलं, कमेंटमध्ये लोक लिहायला लागले की ब्रदर तुमच्या आवाजात अभिषेक आहे वगैरे. सुरुवातीला मी खरंच देवाचे आभार मानले. मग रात्री झोपायच्या आधी आकडा बघायला लागलो, मग सकाळी उठल्या उठल्या, मग दुसऱ्या मंडळीतल्या गाणाऱ्याचा आकडा. आणि एका रविवारी लक्षात आलं की मी कॅमेरा कुठे आहे ते बघून डोळे मिटतोय. त्या आठवड्यात जेवण गेलं नाही मला. हे दारू-जुगारासारखं नाही ना, हे सेवा म्हणूनच चालतं, टाळ्या वाजतात, आणि कोणी थांबवत नाही उलट अजून कर म्हणतात. मत्तय 6 मध्ये दानधर्म, प्रार्थना, उपास या तिन्हींबद्दल येशू तीच गोष्ट परत परत सांगतो, लोकांनी बघावं म्हणून करू नका. तिन्ही धार्मिक कामंच आहेत बघा, जगातलं त्यात एकही नाही.

पास्टरांकडे गेलो आणि म्हटलं मला साऊंडवर बसवा काही महिने. ते म्हणाले, "अरे पण लोक विचारतील." म्हटलं तेच तर! चॅनेलचा पासवर्ड दुसऱ्याला दिला. साऊंडवाल्याचं कसं असतं, सगळं नीट चाललं तर तो आहे हेही कोणाला माहीत नसतं, आणि जरा कुठे किंचाळलं की अख्खी मंडळी वळून त्याच्याकडे बघते. पहिले काही रविवार फार जड गेले, माझ्या जागी गाणारी मुलगी माझ्यापेक्षा बरी गाते हे पचवणं तर त्याहून जड. आता परत गातो, पण आकडे कोण बघतं ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. मोह गेला का? छे. कमेंट काय आल्या हे कोणीतरी येऊन सांगतंच, आणि मी ऐकतो.

शिस्तीचं पोर

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी अशा घरात वाढलो जिथे सगळंच 'जग' होतं, म्हणजे देवापासून दूर नेणारं. सिनेमा जग, गाणी जग, मैत्रीण तर सोडाच मित्रसुद्धा जग. कलस्सै 2 च्या शेवटी पौलाने लिहिलंय ना, हात लावू नको, चाखू नको असले नियम दिसायला ज्ञानाचे दिसतात पण देहस्वभावाला आवर घालायला त्यांचा काही उपयोग नाही, ते आमच्या घरात कधी वाचलंच गेलं नसावं. आमच्यात कोणी सिनेमा बघितला नाही, पण राग, मत्सर, दुसऱ्या मंडळीला नावं ठेवणं हे सगळं जोरात चालू. गलती 5 मधल्या देहाच्या कर्मांच्या यादीत व्यभिचार आहे तसे कलह आणि राग पण आहेत की, ते कोणी मोजत नाही.

म्हणून मी हल्ली मोहाची यादी उलटी वाचतो. जे करताना मला आपण फार पवित्र आहोत असं वाटतं तिथे आधी बघतो.

जमाखर्च

@शिस्तीचं पोर, मान्य, पण काही गोष्टींना हात लावू नको हेच बरोबर असतं हो. माझ्या त्या पाकिटाला लावून बघा म्हणजे कळेल.

शिस्तीचं पोर

पाकिटाला नाही म्हणतोय का मी ताई 😄 पाकीट चोरीच आहे.

रतामाखाली

मी दारूतून बाहेर आलेला माणूस. बरीच वर्षं झाली, मध्ये एकदा पडलोही. आम्हाला बरे होणाऱ्यांच्या गटात (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस 1935 साली सुरू झालं, तेव्हापासून असे गट चालू आहेत) एक साधी गोष्ट शिकवतात. ओढ लागली की आधी विचार, भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलायस का? दहातल्या नऊ वेळा त्यातलं काहीतरी निघतंच. मला हे आधी फार अनाध्यात्मिक वाटायचं. मग 1 राजे 19 नीट वाचलं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय आणि देवदूत काय करतो, उपदेश नाही, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला देतो. देवाचं बोलणं त्यानंतर, डोंगरावर. म्हणून मी ओढ लागली की आधी जेवतो. खरंच. मग फोन करतो. मग प्रार्थना. जुन्या मित्रांच्या बैठकीला मात्र अजिबात जात नाही, तिथे जाऊन साक्ष देईन वगैरे माझ्याच्याने होणार नाही, ज्याला झेपतं त्याने जावं.

आणि कोणी रोज भरपूर पिणारा हे वाचून उद्यापासून एकदम बंद करणार असेल तर थांब, आधी डॉक्टरकडे जा. एकदम सोडल्याने झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. नुसता हात डोक्यावर ठेवून प्रार्थना करून घरी पाठवणारे मी पाहिलेत, त्यांचा हेतू चांगला असतो पण डॉक्टर लागतोच.

मोठी वहिनी

म्हाताऱ्यांचे मोह कोणी लिहिले नाहीत म्हणून लिहिते. या वयात देह थकतो पण लोभ थकत नाही. सासऱ्यांच्या मागे वाटणी झाली, धाकट्या दिरांना कागदपत्रांतलं काही कळत नव्हतं आणि आम्हाला सगळं कळत होतं. मिस्टर म्हणाले सही तर करतोच आहे तो. लूक 12 मध्ये एक माणूस येशूला म्हणतो गुरुजी माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा, आणि येशू त्याला वाटणी करून देत नाही, कोठारं मोठी बांधणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. मी मिस्टरांना काही बोलले नाही, दिरांना म्हटलं भाऊजी, सही करायच्या आधी तुमचा वकील आणा. झालं. मिस्टर बरेच दिवस घुश्शात होते माझ्यावर.

धागाकर्ती

वहिनी, 🙏 यावर मिस्टरांचाही अनुभव वाचायला आवडेल.

मोठी वहिनी

ते लिहिणार नाहीत.

आत्ताच आलो

सगळं वाचलं. माझा बेटिंग अ‍ॅपचा आहे, सुटलेला नाही. डिलीट करतो, पगार झाला की परत टाकतो. बायकोला माहीत नाही. काय करू हे विचारायला पण लाज वाटतेय, सगळे इथे जिंकलेले दिसताय.

रात्रपाळी

जिंकलेलं कोण रे, माझं टिंब परवाच गेलंय. एक कर, बँकेला विचार, काही बँका जुगाराचे व्यवहार बंद करून देतात. आणि पगाराचा दिवस कधी असतो तुझा? तो मला मेसेजमध्ये सांग, त्या दिवशी मी फोन करतो. बायकोला सांगायचं आपण फोनवर बोलू.

आत्ताच आलो

शुक्रवारी आहे.