अनुभव धागा : सुळसुळीत कापड शिवताना तुम्ही काय करता?

तुळशीचं लग्न उरकलं की आपल्या नाशिकच्या मेन रोडवर लग्नाच्या खरेदीची झुंबड उडते आणि पाठोपाठ घरी शिवणाऱ्या आपल्यासारख्यांकडे पिशव्या यायला लागतात. "ब्लाउजच तर आहे, बघ ना जमलं तर." सुती असेल तर काहीच नाही. पण पिशवीतून रेशीम, साटीन, क्रेप, जॉर्जेट असलं काही निघालं की मशीनवर बसायच्या आधीच हाताला घाम सुटतो, आणि घामट हात रेशमाला तर अजिबातच चालत नाहीत.

म्हणून हा धागा. पुस्तकातलं नको, तुम्ही स्वतः करता ते लिहा. सुई कुठली, दोरा कुठला, कापायचं कसं, खळ लावता की नाही.

सुरुवात मी करते. रेशमाचा तंतू एकसंध असतो, एका कोशातून साधारण 600 ते 900 मीटर निघतो. कापसासारखे आखूड, पिळलेले तंतू नसल्यामुळे एका पदराला दुसरा पदर धरून राहत नाही. साटीनचं कारण वेगळं. तिथे विणच अशी असते की एक धागा चार-चार धाग्यांवरून मोकळा जातो, म्हणून तकाकी येते आणि म्हणूनच ते सरकतं. ते पॉलिस्टरचं असलं तरी सरकणारच.

माझं मत आधीच सांगून टाकते: अशा कापडाचं निम्म्याहून जास्त काम मशीन सुरू होण्याआधी संपलेलं असतं. मी कधीच दुहेरी घडी घालून कापत नाही. जमिनीवर जुनी सुती चादर, तिच्यावर वर्तमानपत्र नको (शाई लागते), तपकिरी कागद. त्यावर कापड एकेरी पसरायचं, उभा धागा कागदाच्या कडेशी जुळवायचा, पॅटर्न ठेवायचा आणि कागदासकट कापायचं. कात्री पूर्ण मिटायची नाही, टोकापर्यंत नेण्याआधीच पुढे सरकवायची. पाठीचे दोन भाग वेगवेगळे कापावे लागतात, वेळ जातो. जाऊ द्या. आणि कापलेला तुकडा उचलून हवेत झटकायची सवय असेल तर ती उंबऱ्याबाहेर ठेवून या.

पटत नसेल तर भांडा.

कॉलेज रोड, बुटीक चालवते

भांडायला काही नाही, पण मशीनला इतकं खाली ढकलू नका. माझ्याकडे येणाऱ्या मुली घरून 16 नंबरची सुई लावून आलेल्या असतात आणि मग विचारतात, चुण्या का पडतात! रेशीम, क्रेप, शिफॉनला 9 किंवा 11. अस्तर धरून जाड झालं तर 11 पुरते, 14 फक्त काठावर जरीचा जाड पट्टा आला तरच. सुई नवी हवी. टोकाला बारीक कंगोरा आला असेल तर तो कापडाचा एक धागा ओढत नेतो आणि आडवी रेघ उमटते, जी इस्त्रीने जात नाही. सुईचं टोक नखावरून फिरवा, खरवडलं तर फेकून द्या.

टाका फार बारीकही नको. सव्वादोन ते अडीच मिलिमीटर. बारीक टाक्याने रेशमाला ओळीने भोकं पडतात आणि ताण आला की तिकिटासारखं तिथेच फाटतं. वरचा ताण थोडा सैल. पण हे सगळं त्याच कापडाच्या चिंधीवर, दोन पदर घेऊन, उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंनी टीप मारून बघायचं. सुती चिंधीवर बघून काही कळत नाही.

टाचण्या माझ्याकडे फक्त मायेत (शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडात) लागतात. साटीनला टाचणीची भोकं राहतात. त्यापेक्षा क्लिपा. मुंढ्याला (बाही जोडतो त्या वळणाला) मात्र कच्चा टाका, तिथे क्लिपांचा भरवसा नाही. आणि माया सढळ ठेवा. रेशमाची शिवण उसवत नाही, तिथलं कापडच सरकतं. शिवणीशेजारी धागे विरळ होऊन जाळी दिसायला लागते. अंगाला घट्ट ब्लाउज असेल तर पाऊण इंचापेक्षा कमी माया मी ठेवतच नाही, आणि अस्तर नुसतं आत लटकवत नाही, प्रत्येक तुकड्याला कडेने जोडून मग दोन्ही एकच कापड समजून शिवते. ताण अस्तर घेतं.

अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

येवला

आमच्याकडे पैठणीचे ब्लाउज रोजचेच. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून लोक साडी नीट पारखून घेतात, पण ब्लाउजपीस हातात आल्यावर उलट बाजू बघायला विसरतात. ती आधी बघा. हातमागावरच्या पैठणीत प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवलेले असतात. त्यामुळे मोर, मुनिया मागूनही जवळजवळ पुढच्यासारखेच दिसतात. यंत्रमागावरच्या सेमी-पैठणीमध्ये मागे मोकळे धागे लोंबत असतात किंवा कापलेले असतात. शिवायचे नियम इथूनच बदलतात. मोकळे धागे असतील तर अस्तर लावल्याशिवाय एक टीपही मारू नका, मशीनच्या फुटाच्या (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) फटीत अडकून बुट्टी ओढली जाते. आणि बुट्टीच्या मधून कापावं लागलं तर कापण्याआधी रेषेच्या दोन्ही अंगांना बारीक टीप मारून घ्या.

काठाचं सांगते. बाहीला काठ लावताना काठ आणि अंग यांची लवचीकता वेगळी असते. जरीचा काठ ताठ, अंग मऊ. दोन्ही एकत्र धरून ओढलं तर बाही आवळते. म्हणून काठ खाली, रेशीम वर, आणि दोन्ही हात नुसते टेकवलेले. मशीनला ओढू द्या, तुम्ही ओढू नका.

धूपछाव रंग असेल, म्हणजे ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा) दुसऱ्या, तर सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे. एखादी बाही आडवी काढली तर दिव्याखाली ती दुसऱ्याच ब्लाउजची वाटते. कापड कमी पडतंय म्हणून टेलर हे हमखास करतात. त्यांना आधीच बजावा, तुकडा जोडला तरी चालेल, पण दिशा फिरवू नका.

सिडको, पायमशीनवाली

बुटीकवाल्या ताईंचं सगळं खरं, पण ज्यांच्याकडे काळी पायमशीन आहे त्यांनी काय करायचं ते मी लिहिते. माझी सासूबाईंची आहे आणि मी तिच्यावर शिफॉनही शिवते.

पहिलं म्हणजे फुटाच्या दांडीवरचा वरचा स्क्रू. तो फिरवला की फुटाचा दाब कमी होतो. बहुतेकांनी त्याला आयुष्यात हात लावलेला नसतो. दाब जास्त असला की वरचा पदर पुढे ढकलला जातो आणि खालचा कापड सरकवणाऱ्या दात्यांबरोबर जातो, शेवटी एक बाजू बोटभर लांब निघते. दुसरं, सुरुवात. मऊ कापड सुईच्या भोकात खाली ओढलं जातं आणि गोळा होतो. वरचा-खालचा दोन्ही दोरे मागे घट्ट धरायचे, पहिले दोन-तीन टाके चाक हाताने फिरवून घालायचे, मग पाय. टोकाला उलट-सुलट टीप मारून पक्कं करायला जाऊ नका, दोरे लांब सोडा आणि हाताने गाठ मारा.

तरीही गोळा होत असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवून कागदासकट शिवा. नंतर कागद शिवणीला आडवा नाही, शिवणीच्या दिशेनेच हलके फाडायचा. बांगड्यांच्या डब्यात येतो तो पारदर्शक कागद उत्तम, फुकट मिळतो.

पायमशीनचा फायदा असा की वेग पूर्णपणे आपल्या पायात असतो. मोटरवाल्यांना एका टाक्यावर थांबता येत नाही.

(मोटरवाल्या उत्तर देतीलच. माझी पॅडल हलकं दाबून थांबते, पण मी मध्ये पडत नाही. – धागाकर्ती)

पंचवटी

मी माणसांचे कपडे शिवणं सोडलं. आता देवांचे शिवते. बाळकृष्णाचा झगा, देवीची छोटी साडी, गौरींचे शेले. कापड म्हणजे ओळखीच्या टेलरांकडच्या साटीनच्या, खणाच्या, रेशमाच्या चिंध्या. आकार तळहाताएवढा, आणि एवढ्याशा कापडाच्या चारही बाजूंनी दशा सुटत असतात. शिवायला घेईपर्यंत झगा अर्धा उरतो!

यावर उपाय कापडाप्रमाणे. साटीन पॉलिस्टरचं असेल तर मी कड निरांजनाच्या ज्योतीजवळून नेते. ज्योतीत नाही, जवळून. कड वितळते, बारीक मणी-मणी होऊन बसते, दशा बंद. खरं रेशीम असेल तर हे चालत नाही. ते वितळत नाही, केस जळाल्यासारखा वास येतो, आणि कड काळी होऊन चुरा होते. म्हणून कुठलाही तुकडा हातात आला की आधी दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघते. गोळी झाली तर पॉलिस्टर, राख बोटांनी चुरडली गेली आणि वास केसांचा आला तर रेशीम. दुकानात सगळ्यालाच "सिल्क" म्हणतात हो.

रेशमाला मग कापायच्या आधीच रेषेच्या आतल्या बाजूने हाताने बारीक धावदोरा. दोरा एकेरी, हातभर लांब, त्याहून मोठा घेतला की गुंततो. दोऱ्याला मेण लावलं तर गुंता कमी होतो, पण मेण इस्त्रीखाली रेशमात उतरतं आणि डाग पडतो. मेण लावलंच तर दोरा आधी कागदात धरून इस्त्री करून घ्या, जादा मेण कागदात जातं.

नाशिकरोड

जॉर्जेट-शिफॉनचे घेरदार ड्रेस हा माझा प्रांत. दोनच गोष्टी सांगते.

घेर कापला की लगेच तळ दुमडू नका. तिरक्या धाग्याचा भाग स्वतःच्या वजनाने उतरतो. खांदे-कंबर जोडून ड्रेस हँगरला एक दिवस तरी टांगून ठेवा, मग कुणाला तरी घालायला लावून जमिनीपासून फूटपट्टीने मापून खाली सारखं करा. हँगरवरून काढलेला घेर बघितलात तर चाट पडाल, तिरक्या जागी दोन-दोन बोटं खाली आलेला असतो.

दुसरं, थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून येणारी कोरडी थंडी नुसती द्राक्षवाल्यांच्या डोक्याला ताप नसते. पॉलिस्टर जॉर्जेट त्या दिवसांत टेबलाला, हाताला, स्वतःलाच चिकटतं, चटचट आवाज येतो. मी टेबलावर ओलसर पिळलेली सुती चादर घालते आणि खोलीत पाण्याची परात ठेवते. खऱ्या रेशमाच्या वेळी मात्र ओली चादर नाही, पाण्याचे डाग पडतात.

खळीचं विचारलं होतं. हो, लावते. साबुदाण्याची पातळ, गाळलेली. कापड भिजवून, सावलीत सरळ ताणून वाळवायचं, धागा वाकडा वाळला तर तसाच राहतो. कागदासारखं होतं, मग कापा-शिवा आणि शेवटी धुऊन टाका. धुतलं नाही तर कपाटात कसर लागते.

कॉलेज रोड (पुन्हा)

खळीला माझा ठाम विरोध. पॉलिस्टर धुता येतं म्हणून ठीक, पण हे वाचून कुणी ब्लाउजपीस बादलीत घालेल. रेशमाचा रंग सुटतो, जरीचा काठ काळवंडू शकतो. रेशमाला खळ नाही म्हणजे नाही. त्याऐवजी वर धागाकर्तीने सांगितलेला कागद.

आणि शिफॉनच्या आत ओव्हरलॉक नको, बाहेरून जाड रेघ दिसते. फ्रेंच शिवण घाला. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप, माया कापून एक सूत (पाव इंचाच्या निम्मी) ठेवा, इस्त्री, मग उलटवून पुन्हा पाव इंचावर टीप. कच्च्या कडा आत बंद होतात. सरळ शिवणींना हे सुंदर बसतं, मुंढ्याच्या वळणाला त्रास देतं. तिथे मी बारीक तिरकी पट्टी गुंडाळते.

येवला (पुन्हा)

खळीवर माझंही तेच. पैठणीला नाहीच. इस्त्रीही उलट बाजूने, मध्ये मलमल ठेवून, जरीवर थेट गरम तळ टेकवायचा नाही.

देवळाली कॅम्प

आईच्या लग्नातल्या रेशमी साडीचा मुलीसाठी परकर-पोलका करायचा आहे. साडी दिसायला छान आहे, पण उलगडली की घडीवर कुरकुर आवाज येतो. शिवू की नको?

येवला

उजेडाकडे धरून बघा. घडीच्या रेषांवर बारीक चिरा दिसतात का? मग दोन्ही अंगठे चिरेच्या आजूबाजूला ठेवून अगदी हलकं ओढा. कापड फाटायला लागलं तर ते रेशीम थकलंय, त्याला शिवणीचा ताण झेपणार नाही. पोलका दुसऱ्या नव्या रेशमाचा करा. परकराला ही साडी चालेल, पण घडीच्या रेषा निऱ्यांमध्ये किंवा टाकाऊ भागात जातील असं कापा, मागे पूर्ण मलमल लावा आणि दोन्ही एकत्र धावदोऱ्याने टाचून मगच शिवायला घ्या. नाडीसाठी नेफा मात्र वेगळ्या सुती कापडाचाच. पदर शाबूत असेल तर तो कापू नका, पुढे मोठी झाल्यावर तिलाच ओढणीला होईल.