आडनाव पाटील, काम काय करता? (अनुभव लिहा)

पाटील मंडळी, हा धागा तुमच्यासाठी. मी कोल्हापूरचा. ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासून ऐकायची मशीनं बसवतो. पेशंटला साउंडप्रूफ खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, "बारीक आवाज आला तरी बटण दाबा" सांगायचं, मग कानात मसाला भरून साचा काढायचा, असा दिवस जातो. तरी नवीन माणूस आला, दारावरची पाटी वाचली की पहिला प्रश्न ठरलेला, "पाटील का? गाव कुठलं? शेती किती?" एका आजोबांना मशीन बसवलं, नीट ऐकू यायला लागलं, आणि पहिलं काय बोलले तर "पाटलाच्या पोराला लोकांचे कान कोरायची पाळी कशानं आली रं?" (शेती आहे. पाऊण एकर. चुलते बघतात.)

मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली, सारावसुली सरकारी नोकरांकडं गेली, म्हणजे साठ वर्षं उलटून गेली, पण लोकांच्या डोक्यातला फेटा, वाडा अन् मिशी काही उतरत नाही. आणि नावाजलेले पाटील बघा की. क्रांतिसिंह नाना पाटील चळवळीत यायच्या आधी तलाठी होते. कर्मवीर भाऊराव किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेत. स्मिता पाटील दूरदर्शनवर बातम्या वाचायची. संदीप पाटीलनं तर 1983 चा वर्ल्डकप खेळला, मासिकाचं संपादन केलं आणि 2003 ला केनियाला कोच म्हणून सेमीफायनलला नेलं. वाडा सांभाळत बसलेला यात कोण आहे?

तर काम काय करता आणि आडनावानं त्यात काय मदत किंवा घोळ केला ते लिहा. "आम्ही अमक्या साहेबांचे पाव्हणे" असलं नको.

---

केळीवाला, रावेर

तुमचा धागा बिघडवतो भाऊ, मी शेतकरीच आहे. लेवा पाटील, केळी. आजोबा कंद लावायचे, आता सगळं टिश्यूचं म्हणजे लॅबमध्ये वाढवलेलं रोप, ग्रँड नैन जातीचं. मृगबाग लावली की पुढच्या वर्षी कटाईपर्यंत जिवाला घोर, मे महिन्यात गरम वारा पानं फाडतो, जूनच्या तोंडावर वादळ आलं तर घड लागलेली झाडं कमरेत मोडून पडतात. पण मला सगळ्यात भीती सीएमव्हीची, म्हणजे व्हायरसच्या रोगाची. कोवळ्या बागेत पानावर पिवळे पट्टे दिसले की संपलं, औषध नाही, झाड उपटून बांधाबाहेर नेऊन नष्ट करायचं, आणि मावा शेजारच्या बागेतून परत घेऊन येतोच. भाव काय मिळणार ते सकाळी बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराकडे बघून कळतं.

आडनावाचा अनुभव विचारताय तर ऐका. माझ्या धाकट्या भावाचं लग्न जमवायला निघालो. मुलीकडच्यांना पाटील पाहिजे, बागायती पाहिजे, गावात घर पाहिजे, आणि मुलगा मात्र शेतीत नको, पुण्यात नोकरीला पाहिजे. मग शेती करायची कोणी, त्यांच्या जावयाच्या लॅपटॉपनं? भाऊ शेवटी फार्मसी करून जळगावला दुकानात बसला, तेव्हा जमलं. आता सासरे येतात आणि माझ्याच बागेत उभे राहून फोटो काढून घेतात.

---

भुसावळ लॉबी

केळीवाले भाऊ, रावेर-सावद्याहून दिल्लीकडे जाणारी केळीची गाडी आपण खंडव्यापर्यंत ओढलीय बरं का. लोको पायलट, मालगाडी. आमच्या लॉबीत (ड्रायव्हर-गार्ड ड्युटीची हजेरी लावतात ते ऑफिस) पाटील एवढे आहेत की नुसतं "पाटील" असं कोणी म्हणतच नाही, सगळे इनिशियलवर चालतात. एस. आर., डी. के., व्ही. एन. असे. एकाच इनिशियलचे दोघं निघाले की मग एक लंबू आणि एक चष्मेवाला. घरचे फोन करून "पाटील साहेब आहेत का" विचारतात तेव्हा लॉबीतला माणूस डोक्याला हात लावतो.

काम बघायला सोपं वाटतं. ड्युटीवर येताना फुंकर मारून दारूची टेस्ट द्यायची, मग गाडी चालू असताना प्रत्येक सिग्नल मी आणि असिस्टंट दोघांनी मोठ्यानं बोलायचा आणि हात दाखवायचा, आणि इंजिनात यंत्र असं की मिनिटभर तुम्ही कशालाच हात लावला नाही तर आधी दिवा लागतो, मग भोंगा, तरी काही केलं नाही तर ब्रेक लागतो. रात्री तीन वाजता, पुढे नुसता काळोख, आणि आपण "हिरवा" "हिरवा" ओरडतोय. गावाकडे सांगितलं की म्हणतात "स्टेअरिंग नसतं तर तुम्ही करता काय?"

---

पाटील पण आडनाव वेगळं

मी लिहू का? माझं आडनाव पाटील नाही, पण गाव मला पाटीलच म्हणतं. मी पोलीस पाटील आहे, सातारा जिल्हा. मुलकी पाटील गेले तरी पोलीस पाटील आहेत अजून, 1967 चा वेगळा कायदा आहे. जागा निघाली ती आमच्या आरक्षणात, महिलेसाठी. दहावी पास पाहिजे, गावची रहिवासी पाहिजे, लेखी परीक्षा 80 मार्कांची आणि तोंडी 20 ची, प्रांत ऑफिसला. ज्या घरात पूर्वी पाटीलकी होती त्या घरातला मुलगा पण परीक्षेला होता आणि तो माझ्या मागे राहिला. निकाल लागल्यावर चार दिवस गावात कोणी काही बोललंच नाही. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना तर खरंच वाटेना, त्यातली एक रोज येऊन ऑर्डरचा कागद हातात घेऊन बघून जायची.

काम म्हणाल तर विहिरीत कोणी पडलं, कोणी फास घेतला, पहिला फोन मला. ठाण्याला खबर द्यायची, पोलीस येईपर्यंत तिथं कोणाला हात लावू द्यायचा नाही, आणि हेच अवघड असतं, कारण आई रडत असते आणि तिला मागं धरून ठेवणारी मी. शिवाय गणपतीत मंडळांची भांडणं, जत्रेचा बंदोबस्त, पुराच्या दिवसात पुलावर उभं राहून "जाऊ नका" म्हणणं. युनिफॉर्म नाही. मानधन 6,500 होतं, 2024 ला 15,000 केलं.

पहिल्या वर्षी जुने पाटील मला "बाई" म्हणायचे. एकदा त्यांच्याच भावकीत बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, रात्री त्यांचा फोन आला, "पाटील, जरा येता का?" मी गेले. दुसऱ्या दिवशी परत बाई. आता आता कुठे सवय झालीय त्यांना.

---

पॅनमन

ताई, नमस्कार तुम्हाला. मी सांगली जिल्ह्यातला, आणि सांगलीचं म्हणाल तर 2024 च्या लोकसभेला आमच्याकडं मुख्य लढत तिघांची, आणि तिघं पण पाटील! एक वसंतदादांचे नातू, एक तेव्हाचे खासदार आणि एक डबल महाराष्ट्र केसरी पैलवान. नातू निवडून आले, अपक्ष. प्रचाराच्या टायमाला "कुणाला मत?" विचारलं की आम्ही "पाटलाला" म्हणायचो आणि विषय संपवायचो.

बरं, काम. साखर कारखान्यात पॅनमन आहे. लोकांना ऊस आत जाताना अन् पोतं बाहेर पडताना दिसतं, मधलं कुणाला दिसत नाही. रस आटवून पाक झाला की तो आमच्या पॅनमध्ये येतो, तिथं व्हॅक्यूममध्ये कमी तापमानाला उकळवून दाणा बांधायचा. पॅनला एक काचेची खिडकी असते आणि एक दांडी, दांडीनं नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरून बघायचा. दाणे सारख्या आकाराचे, कडा धारदार, मधनं बारीक भुकटी नको. भुकटी दिसली म्हणजे नको तिथं नवीन दाणा पडलाय, मग पाणी सोडून ती विरघळवायची. मीटर लावलेत आता, पण जुने लोक बोटावर चोळून सांगायचे की पॅन सोडायचा का अजून दहा मिनिटं. मला ते जमतं. माझ्या इंजिनिअर साहेबाला जमत नाही. (साहेब पण पाटील.)

सहकारी कारखान्याची सुरुवातच एका पाटलानं केली, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, 1950 ला पहिला हंगाम झाला. त्यामुळं कारखान्यात पाटील म्हटलं की लोक संचालकच समजतात. पाव्हण्यांच्यात गेलो की चार जण बाजूला घेऊन "आमचा ऊस लवकर न्यायला सांगा की" म्हणतात. अहो, माझी शिफ्ट मला बदलून मिळत नाही, तुमची तोड कुठनं लावू?

---

उरणचा, क्रेनवर

आमचे साइडला पाटील म्हंजे आगरी. गावात निम्मी घरं पाटील, त्यामुळं आडनावावरून कोणी ओळखत नाय, घराच्या नावावरून ओळखतात. बाबा मिठागरात होते. जमीन सिडकोत गेली. जानेवारी 1984 ला जासईला गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच जण गेले, त्या मोर्चात बाबा होते. आमचे पुढारी दि. बा. पाटील नसते तर गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन पण मिळाली नसती असं ते अजून म्हणतात. दि.बा. पेशानं वकील. आणि त्याच्या आधीचे नारायण नागू पाटील, चरीचा संप, 1933 ते 1939, सहा वर्षं खोतांची जमीन पेरली नाय लोकांनी. कोल्हापूरच्या दादांनी यांची नावं घेतली नाय म्हणून लिहितो, लिस्ट घाटावरचीच झाली.

मी पोर्टमधे आरटीजी क्रेन चालवतो, म्हंजे यार्डात कंटेनर उचलून रचणारी टायरवाली क्रेन. केबिन वर टांगलेली, पायाखाली काच, आणि पूर्ण शिफ्ट मान खाली घालून बघायचं. कंटेनरच्या चार कोपऱ्यांत चार भोकं असतात, स्प्रेडरचे (कंटेनर पकडणारी चौकट) चार कुलूप त्यात बरोब्बर बसले की दिवा लागतो, मग उचलायचं. वारा असला की स्प्रेडर झुलतो, तेव्हा घाई करणारा माणूस गेला कामातून. मान आणि कंबर चाळिशीत संपते, आमच्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात पट्टा आहे. जिथं यार्ड आहे तिकडंच कुठंतरी बाबांच्या टायमाची खाडी होती. त्यांना एकदा लांबून दाखवलं, तर म्हणाले इथं निवट्या (चिखलातले मासे) चांगल्या मिळायच्या.

---

एडिसन, न्यू जर्सी

लहानसा अनुभव. फिजिओथेरपिस्ट आहे. इथे सगळ्यांना पटेल माहीत, पाटील माहीत नाहीत. माझ्या नावातला आय हा टायपिंगचा घोळ आहे असं समजून रिसेप्शनवाली तो परस्पर ई करून टाकते. गुजराती आजी येतात, गुजरातीत सुरू होतात, मी मराठी आहे कळल्यावर थोड्या खट्टू होतात, पण गुडघा दाबायला घेतला की पुन्हा गुजरातीतच ओरडतात. इथे मोटेलं बरीच पटेलांची, त्यामुळे तुमचं मोटेल कुठे आहे हे मला गोऱ्यांनी पण विचारलंय. उरणच्या दादांना: मानेसाठी पट्टा सारखा घालून ठेवू नका, स्नायू आणखी ढिले पडतात, व्यायाम कुठला करायचा ते तिथल्या कोणाला तरी दाखवून शिकून घ्या.

---

केमिस्ट्रीवाले सर

सोलापूर जिल्हा, ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. मी मुसलमान आहे आणि पाटील आहे, आमच्या भागात आमच्यासारखी घरं आहेत, पूर्वी पाटीलकी होती म्हणून आडनाव राहिलं. पहिल्या तासाला हजेरीवर सही बघून मुलं आधी आडनाव वाचतात, मग पहिलं नाव, मग एकमेकांकडे बघतात. मी म्हणतो, झालं बघून? आता मोल कन्सेप्ट. भाडेकरू म्हणून घर शोधताना मात्र उलटं होतं, फोनवर "पाटील सर, या की बघायला" आणि दारात गेल्यावर "खोली कालच गेली". यावर जास्त लिहीत नाही, धागा हलकाफुलका आहे.

---

(धागाकर्ता) सर, लिहा. हलकाफुलकाच पाहिजे असं काही नाही. उरणकर, मान्य, नारायण नागू पाटील राहिले.

---

अ‍ॅनिमेशन, पुणे

माझं पहिलं नाव पण इतकं कॉमन आहे की पूर्ण नाव टाकलं तर गावात दहा निघतील. लहान मुलांच्या कार्टूनसाठी पात्रं हलवतो, सध्या एका हत्तीच्या सोंडेवर काम चालूय, सोंडेला हाड नसल्यामुळे ती कुठूनही वाकते आणि कुठूनही वाकली की साप वाटते, तर ते न वाटू देण्याचे मला पैसे मिळतात.

फ्लॅटसाठी लोन टाकलं, रिजेक्ट. का, तर माझ्या सिबिल रिपोर्टमध्ये (कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट) ट्रॅक्टरचं थकीत कर्ज! मी आयुष्यात ट्रॅक्टरवर बसलेलो नाही. माझ्याच नावाच्या, जवळपास माझ्याच जन्मतारखेच्या कुठल्यातरी पाटलाचं खातं माझ्या खात्यात मिसळलं होतं. बँकेतल्या माणसाला सांगितलं तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गावाकडे वडिलांनी घेतलं असेल, विचारून बघा." माझे वडील पोस्टात होते! डिस्प्यूट टाकला, पॅन कार्ड जोडलं, मग पुढच्या महिन्यात ती नोंद निघाली. तोपर्यंत तो फ्लॅट दुसऱ्याला गेला होता. नंतर घेतला दुसरीकडे, जरा लांब.

सगळ्यांनी वर्षातून एकदा स्वतःचा रिपोर्ट काढून बघा, फुकट मिळतो. आणि ते ट्रॅक्टरवाले पाटील इथे असतील तर हप्ता भरा राव.

---

केळीवाला, रावेर

ट्रॅक्टर कुठला होता, लिहिलंय का त्यात?