सापाला शिव्या, बुगडीला टोमणा

वर एकांनी लिहिलंय, वन्यजीवपटांतले आवाज नंतर स्टुडिओत भरतात हे कळल्यापासून मजाच गेली. आवाजाचं खरं आहे. लांबच्या लेन्सनं चित्र जवळ येतं, आवाज येत नाही. मग पावलांची खसखस मागाहून बसवतात. पण मजा जाते हे पटलं नाही. आमच्या साताऱ्याच्या घरी या एकदा.

'प्लॅनेट अर्थ २' (२०१६) मधला गॅलापागोसच्या फर्नांडिना बेटावरचा प्रसंग. वाळूतून नुकतं बाहेर पडलेलं सागरी इग्वानाचं पिल्लू, आणि खडकाच्या फटीफटीतून सुटलेले साप. आई शेंगा फोडत बसलेली. एकदम ताट बाजूला सारून, "पळ रं लेकरा, पळ!" सापांना ज्या शिव्या बसल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. पिल्लू सुटतं हे तिला पाठ आहे, तरी दर वेळी हेच. आवाज खोटा असेल, आईचा घाम खरा असतो.

आप्पांचं वेगळं. त्यांना 'सांगत्ये ऐका' (१९५९) लागतो. आशाबाईंची बुगडी सुरू झाली की आवाज वाढवतात, आणि आई आतून हमखास विचारते, "साताऱ्याला येताना सांडली म्हणं, मग आजवर कुणाला घावली कशी नाही?" आप्पा अशा वेळी ऐकू येत नसल्यासारखं करतात. (एरवी कुकरची शिट्टी बरोबर मोजतात.)

सध्या आप्पांचं एकच म्हणणं : गॅलापागोस कशाला, कोयनेच्या जंगलात कॅमेरा लावा की!