मदत हवी आहे: नवरा-बायकोची पहिली ट्रायथलॉन, बडोद्यात राहून तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी. मी ४१, नवरा ४४, मुक्काम बडोदे. येत्या हिवाळ्यात दोघांनी मिळून पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन करायची आहे: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. हाताशी सोळा आठवडे आहेत.

सध्याची परिस्थिती: मला जलतरण तलावात ७५० मीटर फ्रीस्टाइलला १८ मिनिटं लागतात, सायकल ताशी २० आणि ५ किमी धावायला ३७ मिनिटं. नवऱ्याची सायकल ताशी २४, धावणं २९ मिनिटं, पण पोहताना ५० मीटरमध्येच दम लागतो. माझी २६ इंची एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल), त्याची हायब्रिड (डोंगरी आणि रस्त्याच्या सायकलच्या मधली). घरी सात वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे रोज दोघांना एकाच वेळी बाहेर पडता येत नाही.

विचारायचं असं: त्याचं पोहणं सोळा आठवड्यांत होईल का? खुल्या पाण्याचा सराव जवळपास कुठे करावा? नवीन सायकल लागेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची रेषा दोघांना एकत्र ओलांडायची आहे. ते नियमात बसतं का, आणि वेगात एवढा फरक असताना जमवायचं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

आठवी लेन:
ताई, होईल. धावणाऱ्या माणसाला पाण्यात दम लागतो तो फुफ्फुसं कमी पडतात म्हणून नाही. तो पाण्याखाली श्वास कोंडून धरतो, तोंड बाहेर आलं की आधी जुना श्वास सोडतो आणि उरलेल्या क्षणात नवा ओढतो. त्यासाठी डोकं वर उचलावं लागतं. डोकं वर गेलं की कंबर बुडते, कंबर बुडली की पाय जोरात मारावे लागतात, आणि मांडीचे मोठे स्नायू असलेला ऑक्सिजन खाऊन टाकतात. तेव्हा पहिले दोन आठवडे अंतर मोजूच नका. कठडा धरून चेहरा पाण्यात, नाकातून सतत बुडबुडे, मान फक्त कुशीवर वळवायची, एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे. हे बसलं की २५-२५ मीटर, मध्ये २० सेकंद विश्रांती.

पुढे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ५० मीटर आठ वेळा, मध्ये ३० सेकंद. सातव्या ते दहाव्यात १०० मीटर सहा वेळा, मध्ये २० सेकंद. मग २५० मीटर तीनदा, आणि चौदाव्या आठवड्यापासून सलग ७५०. आठवड्यातून तीनदा अर्धा-पाऊण तास. फक्त रविवारी दोन तास पोहून हे येत नाही, पाण्याची सवय मोडते. तलाव २५ मीटरचा असेल तर ७५० म्हणजे ३० लेंग्थ. त्यात प्रत्येक वेळी कठड्याला ढकलून फुकटचे दोन-तीन मीटर मिळतात, स्पर्धेत ते नसतात. शेवटच्या महिन्यात कठड्याच्या अलीकडेच वळायची सवय करा.

ब्रेस्टस्ट्रोक चालतो, कोणी बाद करत नाही. दम लागला की वीस-तीस हात ब्रेस्टस्ट्रोक मारून पुन्हा फ्रीस्टाइलवर यायचं. सरावात हेही मुद्दाम करून घ्या.

मुलीच्या बाबतीत: पालिकेच्या तलावांवर स्त्रियांची बॅच सहसा वेगळी असते. एकानं घरी थांबायची सोय त्यातच होते.

मांडवीकर:
खुल्या पाण्याबद्दल स्पष्ट लिहितो. बडोद्याच्या आसपास नदी-तलावात उतरू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, आजवा तलावातही आहेत. पुरात त्या सोसायट्यांपर्यंत येतात हे २०१९ ला आणि २०२४ ला सगळ्या शहरानं पाहिलं आहे. सिंधरोटला मही शांत दिसते, पण वाळूचा तळ कुठे अचानक खचेल सांगता येत नाही. चांदोदला नर्मदेचं पाणी धरणातून सोडतात, ओढ तासाभरात बदलते. आणि खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी इतकी मोठी आहे की तिथे पोहण्याचा विचारही नको.

मग दोनच चांगले मार्ग राहतात. पहिली स्पर्धा अशी निवडा जिथे पोहणं जलतरण तलावात आहे. नाहीतर समुद्राच्या स्पर्धेला दोन दिवस आधी पोहोचा आणि आयोजकांच्या सराव-सत्रात, जीवरक्षक हजर असताना, दोनदा उतरा. खारं पाणी अंग वर उचलतं, त्यामुळे नवऱ्याची कंबर तिथे कमी बुडेल. आपल्याकडच्या समुद्राचं पाणी इतकं कोमट असतं की वेटसूटवर (थंड पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) पैसे घालायची गरज नाही.

बाकीचा सराव जलतरण तलावातच होतो. दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याच्या जेमतेम वर आणून समोरची खूण बघायची, मग कुशीवर श्वास. डोकं पूर्ण वर काढलं तर पाय बुडतील. खोल भागात गॉगल काढून, पाणी झटकून, परत लावायचा. मिनिटभर पाठीवर तरंगायचं.

ट्रायथलॉनमधले सर्वाधिक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या दोघांनीही आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्यावा. घबराट बहुतेकांना सुरुवातीच्या दोनशे मीटरमध्ये होते, कारण गर्दीसोबत वेग वाढतो. सगळ्यात मागे आणि कडेला उभं राहा, दहा सेकंद उशिरा निघा. तरी छातीत धडधड वाटली तर पाठीवर वळून लांब श्वास सोडा. कायाक किंवा तरंगता बोया धरून थांबलं तर चालतं, फक्त धरून पुढे सरकायचं नाही. छातीत दुखलं तर मात्र हात वर करून सरळ बाहेर यायचं.

ब्रिकवाला:
एकत्र पूर्ण करण्याबद्दल. यात बहुतेक जोडपी एकच गोष्ट चुकीची धरतात: पूर्ण वेळ शेजारी-शेजारी राहायचं. ते पाण्यात जमत नाही आणि सायकलवर चालत नाही. हौशी गटाच्या बहुतेक स्पर्धांत ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशानं मागे चिकटून चालवायला, बंदी असते. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १० किंवा १२ मीटर अंतर हवं, आणि त्या पट्ट्यात शिरलात तर २०-२५ सेकंदांत ओलांडून जायला हवं. नेमका आकडा आपल्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत बघा. गप्पा मारत जोडीनं चालवलं तर दोघांनाही दंड होऊ शकतो.

आता तुमचे आकडे मांडू. नवऱ्याचं पोहणं तयारीनंतर २६ मिनिटं धरा. दोघांना पोहल्यानंतर सायकलपर्यंत ३ मिनिटं. तुम्ही २१ व्या मिनिटाला सायकलवर, तो २९ व्या. म्हणजे तुम्ही ८ मिनिटं पुढे. तुमचा एक किलोमीटर ३ मिनिटांचा, त्याचा अडीच मिनिटांचा. दर किलोमीटरला तो अर्धं मिनिट भरून काढतो आणि सोळाव्या किलोमीटरला तुम्हाला गाठतो. तिथे त्यानं थांबायचं नाही, ओलांडून पुढे जायचं. सायकल तो ७९ व्या मिनिटाला संपवेल, तुम्ही ८१ व्या. बूट बदलायला दोन-दोन मिनिटं. त्याला साधारण दोन मिनिटं वाट बघावी लागेल. धावताना ड्राफ्टिंगचा नियम नसतो, त्यामुळे पाचही किलोमीटर तुमच्या वेगानं सोबत धावा आणि १२० मिनिटांच्या आसपास संपवा.

पुरुषांना पाच मिनिटं आधी सोडलं तर तो तुम्हाला सहाव्या किलोमीटरलाच गाठेल आणि वाट बघणं दोनाऐवजी सात मिनिटांचं होईल. म्हणून नाव नोंदवण्याआधी सुरुवात कशी आहे ते विचारून घ्या.

दुसरं, स्पर्धक स्पर्धकाला पाणी, खाणं, पंप, ट्यूब देऊ शकतो. स्वतःची सायकल, चाक, हेल्मेट किंवा बूट देऊन स्वतः थांबणं चालत नाही. आणि बाहेरच्या माणसाची मदत अजिबात नको. दिरानं स्कूटरवरून सोबत येऊन पाण्याची बाटली दिली तर तुम्ही बाद होऊ शकता. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, हिशोब तर कागदावर उतरवून घेतला. रेषा हातात हात घालून ओलांडली तर? आणि सायकल-बदलीच्या जागी काय काय ठेवायचं?

ब्रिकवाला:
ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिक चाचणी स्पर्धेत ब्रिटनच्या जेसिका लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन हातात हात घालून पहिल्या आल्या आणि दोघींना बाद केलं गेलं, कारण ठरवून बरोबरी करायला नियमात बंदी आहे. तो व्यावसायिक गट होता. हौशी गटात आयोजक सहसा हरकत घेत नाहीत, पण ईमेलनं विचारून उत्तर जपून ठेवा. नाही म्हणाले तर एकामागोमाग एक जा, प्रत्येकाची वेळ पायातल्या चिपवरच नोंदते.

सरावात एक गोष्ट चुकवू नका: सायकलवरून उतरून लगेच धावणं. आठवड्यातून एकदा पाऊण तास सायकल, बूट बदलून लगेच १५ मिनिटं धावा. सायकलवरून उतरल्यावर पाय जड आणि परके वाटतात. तुमच्या वेगात पहिला किलोमीटर अर्धा मिनिट हळू गेला तरी चालेल.

चाक आणि ट्यूब:
नवीन सायकल नको, स्प्रिंटला एमटीबी पुरते. तरी नियमपुस्तिका बघून घ्या. तुमच्या सायकलला मात्र रुंद खाचांचे टायर असतील तर २६ इंचीच गुळगुळीत टायर टाका. एवढ्या एका बदलानं वेग जाणवण्याइतका वाढतो. सीटची उंची: टाच पेडलवर, पेडल सर्वांत खाली, तेव्हा गुडघा सरळ. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवं, तपासणीत ते बघतात.

दोघांची चाकं वेगळी, म्हणून एक ट्यूब दोघांत चालणार नाही. हायब्रिडला सुईसारखा व्हॉल्व्ह असू शकतो, एमटीबीला मोटारसायकलसारखा. पंप दोन्हीला बसणारा घ्या आणि घरी लावून बघा. प्रत्येकाच्या पिशवीत आपल्या मापाची ट्यूब आणि दोन टायर लिव्हर. बाभळीचा काटा टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूहळू पूर्ण फिरवा, काटा चिमट्यानं ओढा.

सरावाला पहाटे साडेपाचला आजवा–निमेटा किंवा सिंधरोटचा रस्ता, मागे लाल दिवा लावून. हालोल रस्त्यावर ट्रक फार. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे.

आठवी लेन:
बदलीच्या जागी छोटा टॉवेल अंथरा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे उघडे, चष्मा आत. मोजे अर्धे गुंडाळून, आत थोडी टाल्कम पावडर. ओल्या पायांना मोजे चढत नाहीत, तिथेच दोन मिनिटं जातात. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटची क्लिप बंद, आणि परत सायकल टांगल्यावरच उघडायची. यात चूक झाली की पंच थांबवतात. क्रमांकाचा पट्टा सायकलवर पाठीमागे, धावताना पुढे.

खाणं सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी: ब्रेड-जॅम, केळं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. आदल्या रात्री शेवउसळ नको. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरमध्ये घोळलं तर फार खारट होतं आणि पोट बिघडतं. सायकलवर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट.

मानेला, काखेत आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन लावा. मंगळसूत्र आणि बांगड्या घरी ठेवा. हात फिरवताना साखळी मानेला घासते, आणि गर्दीत दुसऱ्याचा हात त्यात अडकू शकतो.