मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या आतल्या सफाईसाठी एकच एपीसी घ्यायचा, तर कोणता?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २०१५ची वॅगन आर आहे. गाव संगमेश्वर तालुक्यात. आंब्याच्या हंगामात भाऊ याच गाडीतून पेट्या पोचवायचा, बाकी वर्षभर शेतावर जा-ये. आता बाबांना दर महिन्याला रत्नागिरीला डॉक्टरांकडे न्यायचं आहे आणि त्यांना दम्याचा त्रास आहे, म्हणून गाडी आतून नीट स्वच्छ करायचं मनावर घेतलंय. गणपती झाले, पाऊसही उघडतोय, तेव्हा दिवाळीच्या आत हे काम उरकायचं आहे.

गाडीची अवस्था अशी:

कार्पेटमध्ये जांभ्याची लाल माती मुरलेली. मागच्या सीटवर आंब्याच्या रसाचे आणि डब्यातल्या रश्श्याचे पिवळे डाग. सीट कापडी, बेज रंगाच्या. दरवाज्यांच्या हात टेकायच्या जागा घामाने आणि तेलाने काळवंडल्यात. पुढच्या डाव्या सीटखाली आणि सीटबेल्टवर पांढरी बुरशी, आणि गाडी उघडली की कुबट वास. स्टिअरिंगला खऱ्या चामड्याचं कव्हर आहे. टायर बाहेरून तपकिरी झालेत, तेही जमलं तर याच बाटलीत करायचेत.

बरंच वाचल्यावर ऑल पर्पज क्लीनर, म्हणजे एपीसी घ्यावा असं ठरलं. दोन नावं सारखी समोर येतात: मेग्वायर्सचा डी१०१ आणि कोख केमीचा ग्रीन स्टार. इथला एक दुकानदार म्हणतो, फरशीचं लिक्विड वापरा, सगळं एकच असतं. दोन-तीन वेगळी केमिकल्स घेण्याएवढं बजेट नाही. शिवाय बाबांना उग्र वास चालणार नाही. एकच बाटली घ्यायची तर कोणती, आणि पाणी किती घालायचं? कृपया स्वतः वापरलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, मी कोल्हापुरात डिटेलिंगचंच, म्हणजे गाड्यांच्या बारीक सफाईचं काम करतो. तुमच्या कामाला डी१०१ घ्या. ग्रीन स्टार हे फार ताकदीचं औषध आहे, आमच्याकडे बॉनेटखालचा इंजिनचा भाग, टायर, चाकांच्या आतल्या कमानी यांना तेच लागतं. पण तुमचं नव्वद टक्के काम आतलं आहे, कापड आणि प्लास्टिकचं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात जरा सौम्य बाटली असलेली बरी. थोडं प्रमाण चुकलं तरी नुकसानीची भीती कमी.

डी१०१ला कंपनीनेच प्रमाण दिलंय: जड घाणीला १:४, आतल्या कामाला १:१०. अर्धा लिटरच्या स्प्रे बाटलीत १:१० करायचं तर साधारण ४५ मिली औषध आणि वरचं सगळं पाणी. १:४ला १०० मिली औषध, ४०० पाणी. आधी पाणी भरा, मग औषध, नाहीतर बाटलीभर फेस होतो. बाटलीवर मार्करने प्रमाण लिहाच. टायरची बाटली चुकून सीटवर मारली गेली की डाग राहतो.

मोठा कॅन ३.७८ लिटरचा असतो, एका गाडीला तो संपता संपत नाही. नातेवाइकांत वाटून घेता आला तर बघा. किंमत बघताना बाटलीची बघू नका, तयार होणाऱ्या पाण्याची बघा. एक लिटर औषधाचं १:१०ने अकरा लिटर होतं. आयतं मिसळलेलं इंटिरियर क्लीनर स्वस्त दिसतं, पण त्यात बहुतेक पाणीच विकत घेता.

फरशीच्या लिक्विडचं नाव काढू नका. त्यात वास आणि चमक मागे राहावी म्हणून घातलेले पदार्थ असतात. फरशीवर ते ठीक. सीटवर ते चिकट राहतं आणि आठवड्यात दुप्पट धूळ धरतं. बाबांना दमा आहे म्हणताय, तर तो वासही नको.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून कारण थोडं सांगतो.

बहुतेक एपीसी अल्कधर्मी असतात. तेल-तूप, घाम, हाताचा मळ हे आम्लीय किंवा स्निग्ध, त्यामुळे अल्कली त्यांना सोडवते आणि सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा घटक, त्यांना पाण्यात धरून ठेवतो. आता पीएचचा (आम्ल-अल्कली मोजायचा) आकडा लॉगरिदमिक आहे, म्हणजे एका अंकाने दहापट फरक, हे लोक विसरतात. १२.५ पीएचच्या तीव्र द्रावणात दहापट पाणी घातलं तरी तो फार तर ११.५च्या आसपास येतो, आणि बफर, म्हणजे पीएच सहज बदलू न देणारा घटक, असेल तर तेवढाही उतरत नाही. त्याची एकूण ताकद कमी होते हे खरं, पण ‘जास्त पाणी घातलं की ग्रीन स्टारसुद्धा सौम्यच’ हा हिशेब बरोबर नाही. म्हणून बाटली निवडताना सगळ्यात घट्ट डाग बघू नका, ज्यावर ती लागणार आहे त्यातला सगळ्यात नाजूक भाग बघा.

तुमच्या गाडीत तो भाग म्हणजे स्टिअरिंगचं चामडं. कमावलेल्या चामड्याचा पीएच आम्लाकडे, ४-५च्या आसपास असतो. अल्कली वारंवार लागली की ते कोरडं पडतं, वरचा रंगाचा थर सुटतो. तिथे एपीसी नकोच. ओलसर मायक्रोफायबर फडकं आणि बेबी शाम्पूचे एक-दोन थेंब पुरतात. रेक्झिनला मात्र १:१० चालतं. कोणाच्या गाडीत चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतील तर त्यांनाही अल्कलीपासून जपा, पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

आणि हळद! रश्श्याच्या डागावर एपीसी मारलात की तो लालभडक होईल. घाबरू नका. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कुर्कुमिन, अल्कलीत लाल होतं, हळदीच्या कपड्याला साबण लावल्यावर होतं तेच. पारंपरिक कुंकू हळदीत चुना घालून करतात, तो रंग याच क्रियेतून येतो. एपीसी तेल काढेल, पिवळेपणा बराचसा राहील. पाण्याने पुसून अल्कली काढली की लाली उतरते. उरलेला पिवळा ऊन खातं. कुर्कुमिन उजेडात टिकत नाही. दरवाजे उघडे ठेवून सीटवर ऊन येईल अशी गाडी लावा, दोन-चार दिवसांत फरक दिसेल. आंब्याच्या रसातला रंगही तेलात विरघळणाऱ्या जातीचा असतो, त्यावर एपीसी बऱ्यापैकी काम करतो, पण डाग जितका जुना तितकी अपेक्षा कमी ठेवा.

प्रतिसाद

मूळ प्रश्नाला जरा धरून: आमच्याकडे लातूरला बोअरचं पाणी फार जड आहे. एपीसी त्यातच मिसळला तर चालतो का? पुसल्यावर डॅशबोर्डवर पांढरट छटा राहते.

प्रतिसाद (कोल्हापूर)

स्प्रे बाटलीत आरओचं किंवा पावसाचं गाळलेलं पाणी घ्या, अर्धा लिटरच तर लागतं. शेवटचा हातही त्याच पाण्याच्या फडक्याने मारा. पांढरी छटा ही पाण्यातल्या क्षारांची असते, एपीसी बदलून जाणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हळदीचं कळलं ते फार बरं झालं. लाल डाग बघून मी घासतच बसले असते. डी१०१ नक्की करते, मावसबहिणीबरोबर कॅन वाटून घेईन.

आता दोन गोष्टी अडल्यात. बुरशीला एपीसी पुरेल का? भाऊ म्हणतो त्यात ब्लीच घालू. आणि सीटबेल्ट कसे धुवायचे?

प्रतिसाद

ब्लीच एपीसीत घालू नका, कशातच घालू नका. व्हिनेगर किंवा दुसऱ्या आम्लाशी त्याचा संबंध आला तर क्लोरिन वायू सुटतो, अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन. बंद गाडीत तर अजिबात नाही, आणि घरात दम्याचा माणूस असताना विचारही नको. शिवाय बेज कापडाचा रंग उडेल.

तुम्ही लिहिलंय की बुरशी पुढच्या डाव्या सीटखाली आहे. मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे. हात घालून कार्पेटखालचा फोम दाबून बघा. ओला लागला तर आधी एसीची पाणी सोडणारी नळी तपासा. आपल्याकडच्या गाड्यांत ती बहुधा डाव्या बाजूलाच असते, ती तुंबली की पाणी बाहेर पडण्याऐवजी आत कार्पेटखाली जातं. एसी चालू ठेवल्यावर गाडीखाली थेंब पडत नसतील तर बहुधा तेच. पुढच्या काचेखालच्या खाचेत आणि दरवाज्याच्या तळाच्या भोकांत पाला-माती अडकली असेल तर पावसाचं पाणीही साचून राहतं. हे नीट केल्याशिवाय कोणताही क्लीनर आणलात तरी बुरशी परत येणार. हे केमिकल निवडण्याआधीचं काम आहे, कळकळीने सांगतो.

फोम ओला असेल तर कार्पेट उचलून खाली विटकर किंवा लाकडाचा तुकडा लावून पंख्याने वाळवा. बुरशी झाडताना मास्क लावा, गाडी उघड्यावर घ्या, आणि बाबांना त्या दिवशी जवळपास थांबू देऊ नका.

प्रतिसाद (कोल्हापूर)

अगदी बरोबर, नळी आधी. आमच्याकडे ‘वास जात नाही’ म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत हेच निघतं.

ताई, कामाचा क्रम सांगतो. लाल माती आधी कोरडीच काढा, कडक ब्रश आणि व्हॅक्युम. आधी पाणी लावलंत तर चिखल होऊन खाली फोमपर्यंत जाईल. उरलेल्या लालीसाठी १:१०, पण मातीतल्या लोहाचा रंग धाग्यात बसला असेल तर थोडी छटा राहणार, ती मान्य करा. सीटवर थेट फवारू नका, ब्रशवर फवारा. एका वेळी वीतभर जागा, हलक्या हाताने फेस करा, लगेच कोरड्या मायक्रोफायबरने उचला, मग साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने दोनदा पुसा. हे शेवटचं पुसणं लोक टाळतात आणि मग सीट खरखरीत लागते. आधी सीटच्या मागे दिसणार नाही अशा जागी करून बघा. छताच्या कापडाला ब्रश लावू नका, ते गोंदावर असतं, भिजलं की लोंबतं. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, तिथे पाणी नको, आणि ते ओढूही नका.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि वर क्लिपने अडकवा. १:१० फडक्यावर घेऊन धाग्याच्या दिशेने पुसा, मग दोनदा साधं पाणी. सावलीत पूर्ण वाळेपर्यंत आत सोडू नका, एक रात्र तसाच राहू द्या. ओला आत गेला तर गुंडाळीत पुन्हा बुरशी धरते. ब्लीच किंवा १:४ इथे चालणार नाही, पट्टा कमजोर होऊ शकतो.

टायरला १:४, कडक ब्रश, फेस पांढरा निघेपर्यंत. तपकिरी थर रबरातूनच वर आलेला असतो, पहिल्या फेरीत सगळा जात नाही. टायर गार असताना, सावलीत करा, औषध वाळू देऊ नका आणि हातात ग्लोव्ह्ज घाला. फेस पत्र्यावर उडाला तर लगेच धुवा, तिथलं वॅक्स निघून जातं.